गल्लीच्या तोंडचा नळ

माझं नाव बाळाबाई, पर गल्लीत समदी मला अक्काच म्हणत्यात, तुमीबी वहीत अक्काच लिवा. मी जतच्या अंगाची, धनगराची लेक, आमचं गाव म्हंजे नुसता माळ, कुसळं आन् दगडं, माझा बा मेंढरं घिऊन दिवाळी झाली की खाली नदीकाठाला जायचा आन् पार मिरगाच्या तोंडाला माघारी यायचा, तवर आमी बायका-पोरी हिरीच्या तळाला उतरून वाटीनं घागर भरायचो. वाटीनं बरं का. एकीची घागर भरंस्तवर दुसरीच्या केसाच्या दोन येण्या घालून व्हायच्या. माझ्या धाकट्या भनीची घागर माझ्या आधी भरली की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, मग मी जाता जाता तिला धक्का द्यायचे, पाणी सांडायचं, आन् वरनं मीच म्हणायचे, नीट चालता येत न्हाई व्हय गं. खोटं कशाला बोलू, स्वभावच जळका माझा, जल्मापासनंचा.

मग लगीन झालं आन् सांगलीत आले. मालक मार्केट यार्डात हळदीची पोती वडायचे, हमाली. घर ह्येच, गल्लीच्या तोंडाला पैलं. सासूनं पैल्या दिशी सकाळी नळ सोडला, बादली भरून वाहायला लागली तरी मी आपली बघतच उभी, सासू म्हणाली अगं बंद कर की, तर काय सांगू तुमाला, मला बंद कसा करायचा ते ठावं नव्हतं. घरात नळ. आमच्याकडं कुणाला सांगितलं असतं तर येड्यात काढलं असतं मला.

पुढं मीबी गोडाऊनात हळद निवडाय जायला लागले, हळकुंडं येगळी, गड्डा येगळा, खराब येगळं, दिसभर बसून. शेजारच्या पोत्यावर शांता. शांता म्हंजे आमच्याच गल्लीतल्या शेवटच्या घरची, मी तोंडाला, ती शेवटाला. वीस वर्सं आमी बरूबर गेलो, बरूबर आलो, तिची भाकरी माझं कालवण. तिच्या पोराला मी पायावर घिऊन न्हाऊ घातलंय, आता तो तिकडं शिरवळला कंपनीत हाय. भनीसंगं पटलं न्हाई कवा, पर शांतासंगं पटलं. तिच्यावर कवा जळले न्हाई मी, कारण शांताकडं जळण्यासारखं कायबी नव्हतं. आईकून बरं वाटत न्हाई, पर खरं तेच.

तर आता पाण्याचं सांगती. आमच्या गल्लीचं पाणी सोडायचा व्हॉल माझ्या दारातच हाय, हे लोखंडी झाकण दिसतंय न्हवं, तेच. व्हॉलमन पहाटं सायकलीवरनं यायचा, व्हॉल फिरवायचा आन् माझ्या हातचा च्या पिऊन फुडं जायचा. पाणी पैल्यांदा माझ्या नळाला. मग मी पायरीवर हुभी ऱ्हाऊन हाळी द्यायचे, पाणी आलं गं बायांनो, आन् शेवटापतोर समद्यांची दारं उघडायची. कितीतरी वर्सं. कुणाची सोयरीक असू दे, नवरा-बायकूचं भांडण असू दे, गटार तुंबू दे, पैल्यांदा अक्का. नुसत्या हाळीनं तेवढा मान मिळतुया, दुसरं काय पायजे हुतं मला.

एक गोष्ट मात्र लय नाजूक, नळाला थेट मोटार लावायची. एकानं लावली की बाकीच्यांचं पाणी वडून घेती ती. म्हणून गणपतीच्या मांडवात म्याच समद्यांना नारळावर हात ठिवायला लावला हुता, घरटी एक माणूस, की आमी नळाला मोटार लावणार न्हाई. आन् वरनं म्या म्हणलं हुतं, जी कोण लावंल तिच्या दारात मी पाय ठिवणार न्हाई. समद्यांनी आईकलं. शांतानंबी.

मग सहा-सात वर्सांखाली सुरेखा आली. मेढ्याकडची, नवरा फौजेतनं रिटायर, शांताच्या शेजारची जागा घिऊन दोन मजली घर बांधलं. भिताडाला भिताड. दिसायला नीटस, बोलणं गोड, मलाबी अक्का अक्का. आली तवा म्याच तिला गल्ली दावली, दळण कुठं, भाजी कुठं, व्हॉलमनशी वळख म्याच घालून दिली. आन् तिनं काय केलं, गल्लीतल्या बायकांचा फोनवर एक ग्रुप काढला. व्हॉलमन तिला फोन करायचा, आज पाणी उशिरा, आज येणार न्हाई, आन् ती ग्रुपवर टाकायची. मी आपली पायरीवर हुभी ऱ्हाऊन हाळी देती तर बायका आधीच बादल्या लावून बसलेल्या. एक सून तर मला म्हणाली, अक्का कशाला घसा फोडताय, मेसेज आलाय की. काय सांगू तुमाला, त्या दिशी मला भाकरी ग्वाड लागली न्हाई.

मग एकेक चाललंच. घंटागाडी आत येत नव्हती, ती तिनं आत आणली. गटारीवर फरश्या घातल्या तिनं. समाजमंदिरात बैठक असली की तिला खुर्ची, मी बायकांत सतरंजीवर. शेवटाच्या घरांना पाणी पोचत नव्हतं, नुसती करंगळीएवढी धार, तर तिनं नवी मोठी लाईन पायजे म्हणून अर्ज केला, घरोघर सह्या घेतल्या, आन् ती मंजूरबी झाली. नगरसेवक आला, नारळ फोडायचा हुता, मला वाटलं वयानं मी मोठी, व्हॉल माझ्या दारात, मला बोलवतील. नवं लुगडं नेसून गेलेवते मी. त्यानं नारळ सुरेखाच्या हातात दिला. ती म्हणाली आधी अक्का, पर तो म्हणाला तुमीच फोडा वहिनी, आन् तिनं फोडला. समद्यांनी टाळ्या वाजवल्या, मीबी वाजवल्या. घरी येऊन लुगडं सोडलं आन् भितीकडं तोंड करून निजले. बाईमाणसाचा एवढा राग मला आयुष्यात कवा आला नव्हता.

आन् त्यातच एक दिस पाणी आलेलं असताना मी मागच्या बोळातनं चाललेवते, तर आवाज आला, घर्रर. सुरेखाच्या आन् शांताच्या मधल्या भितीपासनं. मोटारीचा आवाज मला वळखू येतो. दुसऱ्या दिशी गेले, परत तेच, पाणी आलं की सुरू, गेलं की बंद. मला काय झालं म्हणून सांगू, आनंद झाला. म्हणलं घावली. शेवटाच्या घरांसाठी अर्ज करणारी, आन् हिच्याच नळाला मोटार. शांताचा इचारबी मनात आला न्हाई. ती बिचारी माझ्या शबुदाबाहिर कवा गेलीच नव्हती.

गल्लीत बोलायचं सोडून मी रिक्षा केली आन् थेट पाणीपुरवठ्याच्या हापिसात गेले. सायबाला म्हणलं शेवटाकडचं दोन मजली घर, नळाला मोटार लावली हाय, पर माझं नाव कुणाला सांगू नका. त्यानं वहीत लिवून घेतलं, माझा अंगठा नगं म्हणाला, सही करता येती न्हवं, मग सही करा. केली.

चार दिसांनी माणसं आली, ऐन पाण्याच्या येळंला. सुरेखाच्यात गेली, तर तिच्या नळाचं पाणी आपसूक जिमिनीतल्या टाकीत पडत हुतं, नळाला मोटारबिटार कायबी नव्हतं. मी पायरीवरनं बघत हुते. मग आवाज कुठनं येतुया म्हणून ती शेजारी शिरली. शांताच्या न्हाणीत, पोत्याखाली झाकलेली मोटार निघाली.

शांताचा मालक लकवा मारून दीड वर्स हातरुणात हाय. दिसातनं दोन डाव पुसून काढावं लागतंय, हातरूण धुवावं लागतंय, आन् पाणी करंगळीएवढं. पोरानं शिरवळवरनं येताना मोटार आणून दिली. एवढं माझ्यापास्नं लपवून ठिवलं तिनं, का तर मी नारळावर हात ठिवायला लावलेवता, अक्का दारात पाय ठिवणार न्हाई म्हणून. मोटार उचलून नेली आन् नळ तोडला. शांता त्या माणसांच्या फुडं हात जोडून हुभी, मालक आतनं कायतरी बोलायला बघत हुता आन् त्याला बोलता येत नव्हतं. मी तिथं गेले, तिच्या पाठीवरनं हात फिरवला. एवढंच केलं.

गल्ली म्हणाली सुरेखानंच सांगितलं. हापिसात तिचंच येणं-जाणं, शेवटाच्या पाण्याचा अर्ज तिचा, आन् आवाज तिच्याच भितीला येणार. दुसरं कोण सांगंल. बायका एकेक करून ग्रुपातनं बाहिर पडल्या. सुरेखानं भितीवरनं शांताच्यात पाइप सोडला, काकू हितनं भरा म्हणाली, तर शांतानं पाइप उचलून परत तिच्या आंगणात टाकला. मग मी सकाळी दोन घागरी घिऊन शांताच्यात जायला लागले, गुडघं दुखत्यात तरी. आन् समदी म्हणायला लागली, बघा, शेवटाला अक्काच. परत माझ्या पायरीवर बायका बसाय लागल्या. तुमाला म्हणून सांगती, ते पंधरा दिस लय सुखाचे गेले माझे. शांताचं तोंड बघितलं की आत कायतरी टोचायचं, पर पायरीवर आले की इसरायचे.

मग एक दिस दुपारी सुरेखा आली. बसली न्हाई. म्हणाली अक्का, काकूंचा नळ जोडून द्या म्हणून ह्यांनी हापिसात चार खेटं घातलं, उद्या जोडत्यात. मी म्हणलं बरं झालं. मग म्हणाली, ह्यांच्यासंगं गेलेवते तवा वही बघितली मी, सही तुमची हाय. मी काय गप बसणारी हाय व्हय, म्हणलं मग सांग की गल्लीला, कुणी धरलंय तुला. तर म्हणाली, मला नावं ठेवली तर मी घरात जाऊन दार लावून घेईन, माझं माणूस हाय माझ्यासंगं. काकूंना तुमच्याबिगर कोण हाय हितं. आन् गेली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर मी आठ दिल्या असत्या, गल्ली गोळा केली असती. ती कायच बोलली न्हाई कुणाला, आजतागायत. एवढं गप बसणं मला आयुष्यात जमलं नसतं, आन् तेचीबी आग आग झाली माझी. चांगुलपणातबी तीच फुडं.

महिना काढला तसाच. शांता रोज पाणी भरून झालं की माझ्या पायरीवर च्या प्यायला यायची, आन् सुरेखाचा उद्धार करायची, तिचं घर बसंल, तिला पाणी मिळायचं न्हाई मरताना. पंधरा दिसांखालीबी तेच. आन् माझ्या तोंडातनं गेलं, शांते, तिला शिव्या घालू नगं, म्या सांगितलं हापिसात. ती हसली, चेष्टा वाटली तिला. म्या परत सांगितलं, समदं सांगितलं, लुगड्याचं, नारळाचं, आवाजाचं. वाटलं आता झिंज्या धरंल. शांतानं कप खाली ठिवला, निम्मा च्या तसाच, पदर सारखा केला आन् चालाय लागली. तिच्या घराच्या अलीकडं सुरेखाचं फाटक लागतं. तिथं थांबली. कडी वाजवली. सुरेखा बाहिर आली, काय बोलल्या मला आईकू आलं न्हाई, मग दोघी आत गेल्या.

तुमी इचाराल, अक्का पस्तावा झाला का. झाला की, का न्हाई होणार. नव्या लाइनीचं काम चाललंय, पाइप टाकून झाल्यात, शेवटापतोर पाणी पोचू दे, शांताच्या मालकाला उठवून बसवू दे देवानं, सुरेखाचंबी बरं होऊ दे, असं मी रोज हात जोडून म्हणती. मनापासनं म्हणती. पर सांजच्याला त्या दोघी सुरेखाच्या कट्ट्यावर भाजी निवडत बसत्यात, आन् शांता हसती, माझ्यासंगं गोडाऊनात हसायची तशी, तोंडावर पदर घिऊन. हितं माझ्या दारापतोर आईकू येतं. तवा अजूनबी जळतं ओ आत. तेबी लिवा.