मार्बेलीचा वाढदिवस

ला सेइबा शहरातल्या दंतवैद्याकडे नंबराची वाट बघताना एर्सिलियाबाईंनी कान टवकारले. शेजारी अनाथाश्रमातल्या दोघी पोरी कुजबुजत होत्या.

“मार्बेली, उद्या नवे स्वयंसेवक येतायत. वाढदिवस माझा हं.”

“गेल्या खेपेला तुझाच होता, येसेनिया.”

“ते कॅनडावाले गेले की घरी. ह्यांना काय कळतंय?”

“आश्रमातली सिस्टर सांगेल त्यांना.”

“त्यांनी आणलेल्या केकचे दोन तुकडे खाते ती. कशाला सांगतेय?”

“तुझी दाढ किडलीय. उद्याचा वाढदिवस माझा.”

“बरं, घे. मी दुसऱ्या बाजूनं खाईन.”

एर्सिलियाबाईंना राहवेना. “आणि तुझा खरा वाढदिवस कधी गं, मार्बेली?”

“ते कुणालाच ठाऊक नाही, आजी. तुम्ही केक कधी आणताय?”