बातमीवरचं नाव

आजी : थोरल्याचं लग्न झालं त्या साली माझा नवरा गेला. मग मंगळवारी तुमच्या पेपरात त्यानं बातमी कशी दिली, तेवढं सांग. लगेच उठते.

उपसंपादक : आजी, नावासारखी नावं असतात हो.

आजी : नावासारखं नाही, तेच. आडनावासकट. चहा नको मला, उत्तर दे.

उपसंपादक : थांबा, दार लोटतो. ते नाव कोणा माणसाचं नाही. बातमी अंगाशी येण्यासारखी असली, की लिहिणाऱ्याचं नाव द्यायचं नाही, त्याऐवजी ते टाकायचं. मी इथं लागण्याआधीपासूनची पद्धत. जुन्या साहेबांनी मनानंच रचलेलं नाव.

आजी : रचलं. आणि खाणवाल्यांची माणसं त्याला शोधत इथं आली, तेव्हा?

उपसंपादक : तेव्हा म्हणे सांगितलं, तो नोकरी सोडून खाणीकडे राहायला गेला. ब्याद टळावी म्हणून.

आजी : टळली. आमच्याकडे आली. तिथं त्या नावाचा माणूस होता ना! काट्यावर ट्रक तोलायचा. अंगठेबहाद्दर, बाबा. ज्याला सही येत नव्हती, त्याला तुम्ही लेखक केलंत.

उपसंपादक : मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

आजी : पेपरात लिहिलं म्हणून खाणीत ढकलला. काय लिहिलं होतं ते कळावं म्हणून मी अक्षरं शिकले, आजी झाल्यावर. सून शिकवायची, भांडी घासता घासता. पहिलं वाचलं ते त्याचं नाव.

उपसंपादक : मंगळवारचं कोणी लिहिलं, आत्ता विचारतो. ए, आत ये जरा! ती काटामारीची बातमी तुझी ना?

वार्ताहर : माझी? मला वाटलं तुमची. या टेबलावरच्या ट्रेमध्ये पडली होती.

उपसंपादक : मी साहेबांची समजलो.

वार्ताहर : साहेब तर मला म्हणाले, छान लिहिलंस. मी गप्प बसले. त्या नावामागे कोण, हे विचारायचं नसतं ना आपल्यात.

आजी : पोरी, त्या बातमीत काट्यामागची खोली आहे. दाराआड खिळ्याला निळी पिशवी. बंद तुटलेला, गाठ मारलेला. कोणी पाहिली?

वार्ताहर : तिथं खोलीच नाही, आजी. उघडं माळरान आहे.

आजी : तो गेला त्याच आठवड्यात पाडली. पिशवी मी शिवली होती. गाठ त्याची.

उपसंपादक : कधी बोलण्यात आलं असेल तुमच्या.

आजी : तुटक्या पिशवीचं कोण कोणाला सांगत बसतं?

उपसंपादक : मग तुम्हाला काय वाटतं?

आजी : मला काय वाटतं ते घरी ठेवून आलेय. काल दोघं दारात उभे होते. लेखक कुठंय म्हणे. नातू आत जेवत होता. नवरा गेल्यावर जन्मला, म्हणून आजोबाचंच नाव ठेवलंय.

उपसंपादक : अरे देवा! खुलासा छापू. 'सदर नावाची व्यक्ती...'

आजी : सदरबिदर नको. मी सांगते, तू लिही. वर माझं नाव घाल.

उपसंपादक : मग ते तुमच्याकडे येतील, आजी.

आजी : येऊ देत. या खेपेला सही करणारी घरात आहे.

वार्ताहर : ऐका ना... ट्रेमध्ये आणखी एक कागद आहे. तेच नाव.

उपसंपादक : कोणी ठेवला?

वार्ताहर : मी इथंच उभी आहे. कोणी आलं नाही.

(वार्ताहर कागद उचलते.)

आजी : वाचू नकोस. पालथा घाल. आधी तो ठेवणाऱ्याला माझं ऐकू दे. लिही, पोरा. त्या नावानं छापून येतं ते माझ्या नातवाचं नाही. ते नाव माझ्या नवऱ्याचं होतं. तो थोरल्याच्या लग्नाच्या साली, पाऊस उघडल्यावरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी, खाणीत मेला.