रोबोट ओरडला म्हणून

दाताच्या कॉलेजात नायगावच्या कौसल्याबाई गाल धरून बसल्या होत्या. पुढ्यात दोन शिकाऊ डॉक्टरणी पाठमोऱ्या बोलत होत्या.

"काल ड्रिल मारताना सरावाचा रोबोट पेशंट ओरडला यार. माझे पाच मार्क गेले."

"रोबोटला सॉरी म्हणालीस?"

"म्हणावंच लागलं, सर उभे होते. त्यापेक्षा खरे पेशंट बरे. मागच्या आठवड्यात भूल चढायच्या आधीच एका म्हातारीची दाढ उपटली, हूं की चूं नाही. आज तिची दुसरी काढायचीय."

"नशीबवान आहेस!"

कौसल्याबाई उठल्या.

"पोरी, ती म्हातारी मीच. तुझे हात थरथरत होते, आणखी घाबरशील म्हणून पदर मुठीत आवळून गप्प राहिले. आज माझ्या तोंडाला हात लावायचा नाही. जा, तुझ्या सरांना बोलव."