बांगड्याचं घराणं

मुक्ताबाई परक्यांचं बोलणं कधी ऐकत नसत. सांगली स्टँडवर त्या आष्ट्याच्या गाडीची वाट पाहत असताना कुणी मायलेक त्यांच्याच बाकावर येऊन बसले, याला मात्र त्यांचा इलाज नव्हता.

“लाला, शिकवून तुला सायेब केला, आन् तू माशांचं रगत काढत बसलायस?”

“तपासतो, आये. रत्नागिरीचा बांगडा आन् मंगळूरचा बांगडा दिसाय एकच. पण रगतात फरक सापडतोय. घराणी निराळी असावीत.”

“म्हंजी दर्यातला मासाबी घराणं बघूनच सोयरीक करतोय. आन् तू मंगळूरची पोरगी पसंत करून बसलास!”

“ती माज्यासंगं कामाला हाय.”

“व्हय, लय काम केलं तिनं! म्हसवडच्या पावण्यांना शब्द दिलाय मी. त्यांना काय सांगू? बांगडा दावू?”

“आये, थोडे बांगडे हिकडचे तिकडं जात्यातच.”

“मग काय हुतं त्यांचं?”

“काय न्हाई. तिकडंच रमत्यात. पोरंबाळं हुत्यात.”

“आन् आईला इचारून जात्यात का?”

आष्ट्याची गाडी लागली, भरली आणि निघूनही गेली. मुक्ताबाई हलल्या नाहीत. गर्दीत चढणं त्यांना शोभत नसे.

“भाकरी थापती का ती?”

“शिकंल की.”

“आण मग तिला घरी. तिचं रगत बघाय नगं. पण तुजं तेवढं तपासून आण. आमच्या घरात तू कुठल्या दर्यातनं आलास, ते तरी कळू दे.”