मिठाचा तवा

अगं, मी नववीच्या वर्गाचा ब्लॉग काढलाय ना, मुलं इंग्रजीचा गृहपाठ आणि कविता टाकतात तो, त्यावर काय झालं ऐक. श्रावणीने तिच्या आजोबांच्या मिठागरावर इंग्रजीत कविता टाकली. इतकी छान, की मी पूर्ण मार्क देणार होते. तेवढ्यात खाली मराठीत कमेंट आली, नाव नाही.

"आमी मीठ तव्यावर कदी केलं? गाव हसंल. पोरीला मार्क देऊ नका."

मला कळेचना, कवितेत तवा आहे कुठे? आणि एवढा चिडलाय कोण?

श्रावणीला विचारलं तर ती हसतच सुटली. "मॅडम, आजोबाच ते! इंग्रजी येत नाही ना, मग फोनवर भाषांतराचं बटण दाबून वाचतात."

फोनने 'सॉल्ट पॅन'चा चक्क मिठाचा तवा केला होता!

मी लगेच उत्तर लिहिलं, "आजोबा, चूक फोनची आहे. मिठागराला इंग्रजीत सॉल्ट पॅनच म्हणतात."

पाच मिनिटांत त्यांचं उत्तर हजर.

"मंग इंग्रजीत पन मिठागरच लिवा. आमी पिझ्झाला भाकर बोलतो काय?"