त्रेसष्टाव्या भागानंतर

(झेरॉक्सचं लहानसं दुकान, मागच्या दाराने घराला जोडलेलं. टळटळीत दुपार. गिऱ्हाईक एकच.)

झेरॉक्सवाली: नाही म्हणजे नाही. हा कागद माझ्या मशीनवर चढणार नाही.

लिफ्टवाला: अहो, पण कारण तर सांगाल? साधा कागद आहे. दोनशे प्रती, एकाच बाजूने.

झेरॉक्सवाली: अकरा वर्षांनी तोंड दाखवताय आणि तेही झेरॉक्स काढायला! कशा आहात, बऱ्या आहात का, काही विचारपूस नाही. एकाच बाजूने काढा म्हणे.

लिफ्टवाला: चुकलं. बऱ्या आहात?

झेरॉक्सवाली: आहे. आता त्या कागदावर काय लिहून आणलंय ते जरा मोठ्याने वाचा बघू.

लिफ्टवाला: त्यात वाचायचं काय? 'परतीची कक्षा' या मालिकेच्या सर्व जुन्या चाहत्यांना कळकळीची विनंती. चॅनेलने आपल्या मालिकेची थट्टा मांडली आहे. तरी येत्या शनिवारी आठ वाजता नव्याने सुरू होणारी ही मालिका कुणीही पाहू नये. टीव्ही बंद ठेवावा.

झेरॉक्सवाली: टीव्ही बंद ठेवावा! एकदा अंगाशी आलं तेवढ्याने पोट भरलं नाही वाटतं?

लिफ्टवाला: या वेळची गोष्ट वेगळी आहे. तुम्ही जाहिरात पाहिलीत ना? कप्तान म्हणून कुणाला आणलंय ते पाहिलंत? चोवीस वर्षांचं पोरगं! दंड हे एवढाले. चाळीस वर्षं अवकाशात भरकटलेल्या यानाचा कप्तान आणि याच्या तोंडावर एक सुरकुती नाही. आपले कप्तान आठवा. दाढी पिकलेली, एक खांदा कललेला, बोलायच्या आधी खोकायचे.

झेरॉक्सवाली: खोकला खराच होता त्यांना. दिग्दर्शक म्हणाला, असू दे, शोभतोय.

लिफ्टवाला: बघा, तुम्हाला सगळं आठवतंय. आणि आता चॅनेल म्हणतंय, 'नव्याने सुरुवात'. म्हणजे आधीचे त्रेसष्ट भाग झालेच नाहीत असं धरून चालायचं. असं कसं धरून चालायचं हो?

झेरॉक्सवाली: मला काय आनंद झालाय? यानावरच्या बिनतारी संदेशवाल्या बाईंना तर काढूनच टाकलंय. यानाचा संगणकच आपला आपण बोलणार आहे. तोही लाडिक आवाजात.

लिफ्टवाला: त्याच तर बाई होत्या शेवटच्या भागात! यान चाळीस वर्षांनी पृथ्वीजवळ पोचलंय, खालून कुणी उत्तर देत नाही, सगळे झोपायला गेलेत. बाई एकट्याच कानाला यंत्र लावून बसल्यात. आणि खालून एक आवाज येतो, 'हॅलो, कोण बोलतंय?' खलास. भाग संपला. पुढचा भाग आलाच नाही. कोण होतं ते खाली? मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो ना, की अजून माझ्या डोक्यात तेच येतं. कोण होतं?

झेरॉक्सवाली: माझा अंदाज, त्यांची धाकटी बहीण.

लिफ्टवाला: छे! ती तर बाराव्या भागात...

आई: काय गं, कुणाशी भांडतेस?

झेरॉक्सवाली: कुणाशी नाही, आई. गिऱ्हाईक आहे.

आई: गिऱ्हाइकाशी इतकं जीव तोडून कुणी भांडत नाही. बघू दे. अगं बाई! हा तर तुमच्या त्या चाहत्यांच्या मंडळाचा अध्यक्ष! लिफ्टा दुरुस्त करायचा तो.

लिफ्टवाला: नमस्कार, काकू. ओळखलंत की.

आई: न ओळखायला काय झालं? तू आला होतास की आपल्याकडे एका शनिवारी, त्या खानसाम्याचा भाग बघायला. पाणी संपतं आणि तो सगळ्यांना खोटंच सांगतो की भरपूर आहे. रडला होतास तू. मी पाहिलं होतं. केस गेले रे तुझे सगळे. लग्न केलंस?

झेरॉक्सवाली: आई!

आई: विचारलं तर बिघडलं कुठे? केलंस का?

लिफ्टवाला: नाही, काकू. राहून गेलं.

आई: हिचंही राहूनच गेलं. स्थळं काय कमी आली? एकेकाला नाकं मुरडत बसली. एकाला तर म्हणाली, तुम्हाला अंतराळात रस आहे का? बिचारा पोहे अर्धे टाकून उठला.

झेरॉक्सवाली: आई, तू चहा टाक बरं.

आई: टाकते. मला आत पाठवायचं असलं की चहाच आठवतो हिला.

लिफ्टवाला: काकू तशाच आहेत.

झेरॉक्सवाली: तशाच.

लिफ्टवाला: बरं, द्या तो कागद इकडे. दुसरीकडून काढून घेतो. पाचची गाडी आहे माझी.

झेरॉक्सवाली: म्हणजे निघालात परत! मागच्या वेळीही असंच. मालिका बंद झाल्याच्या आठवड्यात आपली बैठक होती. मी सतरा खुर्च्या मांडल्या, फळा पुसला. लोक आले, बसले, चुकचुकले, गेले. अध्यक्षांचा पत्ता नाही. फोन लावला तर नंबर बंद.

लिफ्टवाला: कुठल्या तोंडाने येणार होतो?

झेरॉक्सवाली: होतं त्याच तोंडाने यायचं.

लिफ्टवाला: असं कसं? तुम्हीही होतात त्याआधीच्या सभेला. चॅनेलने आपला शनिवार काढून गाण्याच्या स्पर्धेला दिला, आपल्याला टाकलं रविवारी पहाटे सहाला. वर पहिला महिना जुनेच भाग दाखवणार म्हणे. टेबलावर चढून कोण ओरडलं? मी. चार आठवडे कुणी बघायचं नाही, चॅनेल नाक घासत येईल, असं कोण म्हणालं? मीच. चारशे बारा जणांच्या सह्या घेतल्या. आणि तिसऱ्या आठवड्यात चॅनेलचं पत्रक. प्रेक्षकसंख्या एकाएकी घसरल्यामुळे मालिका बंद करण्यात येत आहे. चौसष्टावा भाग तयार होता हो! डब्यात पडून राहिला. आपल्या हाताने गळा दाबला मी तिचा.

झेरॉक्सवाली: आणि म्हणून पळालात.

लिफ्टवाला: बदली मागून घेतली. एका सदस्याचं पत्र आलं होतं, थकलेले गृहस्थ. एक अक्षर रागाचं नव्हतं त्यात. एवढंच लिहिलं होतं, शेवट बघायला मिळाला असता तर बरं वाटलं असतं. ते वाचलं आणि सामान बांधलं.

झेरॉक्सवाली: मग आता परत तोच उद्योग कशाला?

लिफ्टवाला: आता बंद पडावी म्हणूनच. तेव्हा वाचवायला गेलो आणि ती गेली. ही नवी चालली तर लोक हिलाच खरी म्हणतील. आपल्या मालिकेला कुणी विचारणार नाही.

झेरॉक्सवाली: बसा त्या स्टुलावर. बसा म्हणते ना. एक विचारते. कोण काय बघतंय हे चॅनेलला कळतं कसं?

लिफ्टवाला: मोजतात.

झेरॉक्सवाली: कसं मोजतात? चारशे बारा जणांनी टीव्ही बंद केला, हे कुणी सांगायचं त्यांना? टीव्ही सांगतो?

लिफ्टवाला: तसा कधी विचार नाही केला.

झेरॉक्सवाली: लिफ्ट का अडकली ते स्क्रू काढून बघता आणि हा विचार नाही केलात. निवडक घरांत एक यंत्र बसवतात, टीव्हीला जोडून. डबाच असतो छोटा. त्या एका घरात जे बघतात, तेच आजूबाजूची हजारो घरं बघतात असं धरतात. बाकीच्यांनी टीव्ही लावला काय, फोडला काय, कुणाला काही पडलेलं नसतं. तुमच्या चारशे बारा सह्यांनी काडीचा फरक पडला नसता.

लिफ्टवाला: मग प्रेक्षक घसरले कसे?

झेरॉक्सवाली: एक डबा आमच्या घरी होता.

लिफ्टवाला: काय?

आई: होता की. हा घे चहा. टीव्हीच्या शेजारीच होता. हे होते तेव्हा ते लोक बसवून गेले. पहिलं बटण यांचं, दुसरं माझं, तिसरं हिचं. जो बघायला बसेल त्याने आपापलं दाबायचं. हे बातम्या लावून घोरत पडायचे आणि बटण दाबलेलंच! चॅनेलवाल्यांना वाटत असेल, काय लोक बातम्या बघतात.

लिफ्टवाला: पण मी आलो होतो तेव्हा मला तर काही दिसलं नाही.

आई: हिने वर रुमाल टाकून फुलदाणी ठेवली होती ना.

झेरॉक्सवाली: कुणाला सांगायचं नाही म्हणून बाबांची सही घेतली होती त्यांनी. मंडळात कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्हालाही सांगता येत नव्हतं.

लिफ्टवाला: म्हणजे तुम्ही जर टीव्ही लावला असता...

झेरॉक्सवाली: तर वाचली असती का? देव जाणे. पण आपल्या सगळ्यांत मोजला जाणारा टीव्ही तेवढा एकच होता. तीन रविवार पहाटे उठून मी त्या काळ्या पडद्यासमोर बसले. हात नुसते शिवशिवत होते.

लिफ्टवाला: मग लावला का नाहीत?

झेरॉक्सवाली: तुम्ही सांगितलं होतंत.

लिफ्टवाला: अहो, मला काय अक्कल होती? तुम्हाला तर माहीत होतं!

झेरॉक्सवाली: सगळं माहीत होतं. तुम्ही टेबलावर उभे होतात, शर्टाचा खिसा फाटलेला, आवाज बसलेला, आणि मला वाटलं, हा माणूस म्हणतोय तर तसंच होईल. पहिली सही माझी होती. ती करून घरी येऊन गुपचूप टीव्ही लावायचा? मला नाही जमलं ते.

लिफ्टवाला: अकरा वर्षं! अकरा वर्षं मी स्वतःला शिव्या घालतोय. एक पत्र टाकलं असतंत तर काय झालं असतं?

झेरॉक्सवाली: कुठे टाकायचं? पत्ता ठेवून गेला होतात? तुमच्या कंपनीत तीनदा जाऊन आले मी. एकदा म्हणाले, बदली झाली. एकदा म्हणाले, पत्ता देता येत नाही. तिसऱ्यांदा रखवालदाराने फाटकातच हात जोडले. माझ्यावर कशाला आवाज चढवता?

लिफ्टवाला: नाही चढवत. कंपनीत गेला होतात?

आई: जाईल नाही तर काय. आणि ते पाहुण्याचं सांग की त्याला.

झेरॉक्सवाली: आई, पुरे झालं हं.

आई: तू सांगायची नाहीस, मी सांगते. माझं आता वय झालंय, मला लाज कसली? चौथं बटण होतं रे त्या डब्याला. पाहुण्याचं. बाहेरचं कुणी घरी येऊन बघत बसलं तर ते दाबायचं. तू आलास तेव्हा हिने दाबलं होतं.

लिफ्टवाला: बरं, मग?

आई: मग काय? मालिका गेली, तू गेलास, आणि ही दर शनिवारी आठ वाजले की ते बटण दाबायची. टीव्हीवर गाण्याची स्पर्धा, खोलीत ही एकटी, आणि डबा सांगतोय की पाहुणा आलाय.

लिफ्टवाला: किती दिवस?

झेरॉक्सवाली: दीड वर्ष. मग डबेवाल्यांचा माणूस आला चौकशीला. तुमच्याकडे दर शनिवारी न चुकता हा कोण येतो? बाबा म्हणाले, आमच्याकडे कुत्रंही फिरकत नाही. त्याने दोन वायरी उपटल्या आणि डबा घेऊन गेला.

लिफ्टवाला: मला हे काहीच...

झेरॉक्सवाली: तुम्हाला कसं कळणार? मी तरी कुणाला सांगणार होते? लोकांना वाटायचं, मालिकेपायी हिचं डोकं फिरलंय. मालिकेची आठवण यायची, नाही असं नाही. पण मला तुमची यायची. आता बोलून टाकलं. चहा गार होतोय.

आई: मी आत आहे. मला ऐकू येत नाही असं समजा.

लिफ्टवाला: स्टँडवरून इथे येईपर्यंत झेरॉक्सची चार दुकानं लागली.

झेरॉक्सवाली: पाच आहेत.

लिफ्टवाला: एकातही शिरलो नाही. प्रती तिकडे आमच्याकडेही निघाल्या असत्या. तीन तास गाडीत बसून यायची काही गरज नव्हती.

झेरॉक्सवाली: मग कागद कशाला आणलात?

लिफ्टवाला: नुसतं यायचा धीर झाला नसता. हातात काहीतरी काम हवं होतं.

झेरॉक्सवाली: त्याची मागची बाजू कोरी आहे. इथे ठेवा, कच्च्या कामाला होईल. आणि हे बघा, नवा कप्तान भिकारच असणार. संगणक लाडे लाडे बोलणार. कोण बोलत होतं ते आपल्याला या जन्मी कळायचं नाही. मला सगळं मान्य आहे. तरी मी शनिवारी बघणार. तुम्ही या. पोटभर नावं ठेवा, टीव्हीवर उशी फेका, पण इथे बसून फेका. मला आता एकटीने बघायचं नाहीये.

लिफ्टवाला: शनिवारी पाळी असते मला. संध्याकाळची.

झेरॉक्सवाली: हो का? बरं. असू दे मग.

आई: बदलून घे की!

लिफ्टवाला: तसं नाही, काकू. ती पाळी कुणालाच नको असते. मीच मागून घेतलीय, इतकी वर्षं. शनिवारी आठच्या सुमाराला मला खोलीत बसवत नाही. कुठल्या तरी लिफ्टच्या टपावर असलो की वेळ निघून जाते.

झेरॉक्सवाली: आणि आता?

लिफ्टवाला: आता साहेबांना सांगतो, दुसऱ्या कुणाला तरी द्या.