काम झालं की वाजतं

कोपरगावच्या बसस्टँडवर माझ्या शेजारी बापलेक बसले होते. लेकीच्या मांडीवर लॅपटॉप होता.

"संस्कृती, सुट्टीला आलीस का कामाला?"

"पाचच मिनिटं, अप्पा. आमच्या ॲपमध्ये एक बदल केलाय. तो आपोआप तपासला जाईल आणि मुंबईच्या सर्व्हरवर चढेल."

"तू हात न्हाई लावायचा?"

"नाही. नुसतं लक्ष ठेवायचं."

"आमच्या कारखान्यातबी गव्हाणीत ऊस पडला की पुढचं मशिनच करायचं. पर पाक बिघडला तर मला वासावरनं कळायचं. तुला कसं कळतं?"

"बिघडलं तर मेसेज येतो. नीट झालं तर... हे ऐका."

मोबाईलमधून लांबलचक भोंगा निघाला. समोरच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांनी मनगटावरची घड्याळं बघितली.

"अगं, ह्यो तर आपल्या कारखान्याचा!"

"कारखाना बंद पडायच्या आधी, शेवटच्या हंगामात गच्चीवर जाऊन रेकॉर्ड केला होता. काम झालं की हाच वाजतो."

"लई दिसांनी ऐकला."

"परत लावू? रेकॉर्डिंग आहे माझ्याकडं."

"तसा नगं. बिनकामाचा भोंगा वाजवत न्हाईत, पोरी. आदी एखादं काम टाक. गाडीला अजून येळ हाय."